'तसं म्हणायचं नव्हतं' एवढ्यानं भागतं का?

आडवाट (धागाकर्ता)

वर्णावरून किंवा वंशावरून कुणी काही बोलतं, समोरच्याला लागतं, आणि पुढची दोन वाक्यं आता सगळ्यांना तोंडपाठ झाली आहेत. एक, "माझ्या मनात तसं काही नव्हतं." दोन, "तुझ्या मनात काय होतं याच्याशी आम्हाला काय देणंघेणं?" मग दोन्हीकडची माणसं बाह्या सरसावतात आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. मला या दोन्ही वाक्यांत खोट दिसते, म्हणून हा धागा.

उदाहरण फुटबॉलचं घेतो. नोव्हेंबर २०२० मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या एडिन्सन कवानीनं साउथॅम्प्टनविरुद्ध दोन गोल मारून सामना फिरवला. इन्स्टाग्रामवर ओळखीतल्या एकानं त्याचं अभिनंदन केलं, त्याला यानं स्पॅनिशमध्ये दोन शब्दांत उत्तर दिलं: 'ग्रासियास, नेग्रितो', शब्दशः 'आभार, काळ्या'. त्याच्या उरुग्वेत हा लाडाचा शब्द आहे, समोरचा गोरा असो की काळा. इंग्लंडमध्ये वाचणाऱ्याला त्यात दिसला तो फक्त रंग. कवानीनं पोस्ट काढली, माफी मागितली. तरी इंग्लिश फुटबॉल संघटनेनं, म्हणजे एफएनं, ३ सामन्यांची बंदी आणि १ लाख पौंड दंड केला. वंशद्वेषाचा हेतू नव्हता हे तिथल्या समितीलाही मान्य होतं, हे विशेष. उरुग्वेच्या भाषा अकादमीनं या निकालाचा निषेध केला. एफएला स्पॅनिश भाषेची आणि ती बोलणाऱ्यांच्या रीतीची जाण नाही, असा तिचा रोख होता.

माझं म्हणणं असं, की हेतू आणि संदर्भ यांना आपण उगाच एका दावणीला बांधतो. हेतू बोलणाऱ्याच्या डोक्यात असतो आणि त्याचा साक्षीदार तो एकटाच. संदर्भ चारचौघांत असतो. कोण कुणाला म्हणालं, त्याआधी काय घडलं होतं, दोघांचं नातं काय, ऐकायला कोण होतं, त्या शब्दाला त्या ठिकाणी काय इतिहास आहे, हे सगळं तपासता येतं. म्हणून बोलणं अपमानाचं होतं की नाही हे ठरवताना संदर्भ हवाच, हेतू जवळजवळ नको. हेतू लागतो तो पुढे: शिक्षा किती, माफी पुरेशी आहे का, या माणसाशी उद्या बोलायचं की नाही.

मतं द्या. फक्त 'हल्ली लोकांना फारच लागतं' एवढंच लिहायचं असेल तर लिहू नका, ते लिहून झालंय असं धरून चालू.

टोच्या

हल्ली लोकांना फारच लागतं. (डोळा मारणारी बाहुली)

आता गंभीरपणे. आडवाटराव, तुमचंच उदाहरण तुमच्या विरोधात जातंय. ज्याला तो शब्द उद्देशून होता त्याची काहीच तक्रार नव्हती. शब्द त्यांच्या भाषेतला, प्रेमाचा, मित्रानं मित्राला म्हटलेला. तुम्ही सांगता ते सगळे निकष, नातं, प्रसंग, सूर, कवानीच्या बाजूचे आहेत. तरी शिक्षा झालीच. याचा अर्थ संदर्भसुद्धा कुणी बघत नाही. बघतात ते फक्त अक्षरं.

आणि हेतू 'जवळजवळ नको' हे तर मुळीच पटलं नाही. अंधारात कुणाचा धक्का लागला आणि कुणी मुद्दाम ढकललं, यात फरक नाही असं कुठलाही शहाणा माणूस म्हणणार नाही.

पानगळ

धक्का दोन्हीकडे लागतोच ना पण? गुडघा दोन्ही वेळा फुटतो.

कवानीबद्दल मलाही वाटतं की शिक्षा जास्त झाली. पण एक गोष्ट सुटतेय. त्यानं ते दोन शब्द मित्राच्या कानात सांगितले नव्हते, जगभरच्या चाहत्यांसमोर लिहिले होते. नातं खाजगी आणि जागा सार्वजनिक, असा तो संदर्भ आहे.

मला जास्त बोलकं वाटतं ते डॅरेन सॅमीचं प्रकरण. वेस्ट इंडिजचा माजी कर्णधार. आयपीएलमध्ये सनरायझर्स हैदराबादकडून खेळताना त्याला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला 'कालू' म्हणायचे, असं त्यानं जून २०२० मध्ये जाहीर सांगितलं. म्हणजे कित्येक वर्षांनी. तेव्हा त्याला वाटायचं, शब्दाचा अर्थ काहीतरी दणकट, ताकदवान असा असणार. ते हसायचे, हाही हसायचा. अर्थ कळल्यावर तो संतापला तो नुसता शब्दावर नाही, आपल्याला त्या हसण्यात सामील करून घेतलं होतं यावर.

आता सांगा, इजा कधी झाली? ज्या दिवशी म्हटलं त्या दिवशी तर तो खूश होता.

टोच्या

पानगळताई, ती गोष्ट पूर्ण सांगा की. नंतर सॅमीनंच जाहीर केलं, की त्या संघातल्या एकाशी बोलणं झालं, त्याच्या मनात प्रेमच होतं हे पटलं, विषय संपला. म्हणजे शेवटी हेतूच कामाला आला!

पानगळ

आला, नक्कीच आला. पण कसा आला ते बघा. सॅमीनं विचारलं, समोरच्यानं उत्तर दिलं, सॅमीनं ते तोलून स्वीकारलं. हेतू ग्राह्य धरायचा की नाही हे ज्याला लागलं त्यानं ठरवलं. तुम्ही म्हणताय त्यात बोलणारा स्वतःच आपल्या हेतूचा दाखला लिहितो, स्वतःच शिक्का मारतो आणि वर दुसऱ्याला म्हणतो, आता तुझी तक्रार बाद.

तुमची ती बाहुलीसुद्धा तसाच दाखला आहे. (ही माझी बाहुली)

विषयांतर

सिडनी २००८ विसरलात का? आपल्या हरभजनला उगीच बदनाम केलं होतं. तो शिवी देत होता, वंशाचा काय संबंध!

आडवाट

विसरलो नाही, मुद्दाम टाळलं होतं. तो विषय निघाला की धागा मैदानावर जातो आणि परत येत नाही.

थोडक्यात: सिडनी कसोटीत हरभजननं ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला माकड म्हटल्याचा आरोप होता. सामनाधिकारी माइक प्रॉक्टरनं ३ कसोटींची बंदी घातली. अपिलात न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यासमोर वंशाचा आरोप सिद्ध झाला नाही, शिवीगाळीबद्दल सामन्याच्या मानधनातून ५० टक्के दंड झाला. काय उच्चारलं गेलं यावरच तिथे वाद होता. आपल्या धाग्याचा विषय त्याच्या पुढचा आहे, जे उच्चारलं ते सगळ्यांना मान्य असताना काय करायचं.

एक मात्र सांगतो. त्या आधीच्याच ऑक्टोबरात वडोदऱ्याला आणि मग मुंबईत प्रेक्षकांनी सायमंड्सकडे बघून माकडचाळे केले होते. सिडनीत तो शब्द ऐकला असं वाटल्यावर सायमंड्स एवढा का भडकला, हे त्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे मात्र तेव्हा संदर्भ म्हणून सांगितला जायचा तो फक्त ऑस्ट्रेलियन खेळाडूंच्या तोंडाळपणाचा.

विषयांतर

म्हणजे तुम्ही त्यांच्या बाजूचे. कळलं.

कायदेकानू

विषयांतर यांना त्यांच्या नावाप्रमाणे सोडून देऊ. कायदे काय म्हणतात ते सांगतो, कारण 'परिणाम महत्त्वाचा' आणि 'हेतू महत्त्वाचा' ही भांडणं तिथे बऱ्याच आधी होऊन गेली आहेत.

ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात कलम २६ छळाबद्दल आहे. नकोशा वर्तनाचा उद्देश किंवा परिणाम माणसाची प्रतिष्ठा दुखावण्याचा असेल तर तो छळ. सगळी मेख त्या 'किंवा'त आहे. उद्देश नसला तरी परिणाम पुरतो. पण म्हणून कुणीही उठून 'मला लागलं' म्हणावं आणि खटला जिंकावा असंही नाही. परिणाम ठरवताना तीन गोष्टी बघाव्या लागतात: तक्रारदाराला काय वाटलं, बाकीची परिस्थिती काय होती, आणि त्या वर्तनाचा तसा परिणाम होणं वाजवी आहे का. ही तिसरी अट लोक हमखास विसरतात.

मॅकफर्सन अहवालाचंही असंच होतं. १९९३ मध्ये लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला. पोलिसांनी तपासाची जी वाट लावली तिच्या चौकशीचा हा अहवाल १९९९ चा. त्यात म्हटलंय, पीडिताला किंवा अन्य कुणालाही जी घटना वंशद्वेषी वाटते ती वंशद्वेषी घटना. यावर मोठी टीका झाली, की मग काय, वाटलं की झालं सिद्ध? पण ही व्याख्या तक्रार नोंदवण्यासाठी आणि तपासासाठी आहे. दारात आलेल्या माणसाला पोलिसानं 'छे, यात वंशाचं काही नाही' म्हणून परत पाठवू नये, एवढ्यासाठी. दोषी कोण ते न्यायालय पुराव्यावरच ठरवतं.

ऑस्ट्रेलियानं १९७५ च्या वंशभेदविरोधी कायद्यात १९९५ मध्ये १८सी हे कलम घातलं. 'सर्व परिस्थिती लक्षात घेता' ज्या वर्तनानं वंशावरून कुणी दुखावण्याची वाजवी शक्यता आहे, ते बेकायदा. हेतूचा शब्दही नाही. पण लगेच पुढे १८डी आहे: कला, विद्याचर्चा, वृत्तांकन वगैरे सद्भावनेनं केलेलं असेल तर सूट. आता सद्भावना म्हणजे काय? पुढच्या दारानं घालवलेला हेतू मागच्या दारानं आत.

आपल्याकडे अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात उलट आहे. तिथे अपमान 'हेतुपुरस्सर' आणि मानखंडना करण्याच्या इराद्यानं असावा लागतो. कारण उघड आहे, तिथे तुरुंग आहे. वर सांगितलेलं समता कायद्याचं कलम किंवा १८सी यांत तुरुंग नाही. तुरुंगात टाकायचं तर मन तपासावं लागतं, भरपाई द्यायची तर परिणाम पुरतो. आडवाट यांचं दोन टप्प्यांचं म्हणणं साधारण याच्या जवळ जातं.

आडवाट

धन्यवाद. '१८डी'चं माहीत नव्हतं.

भिंगरी

कायदा ठीक आहे, पण रोजच्या जगण्यातली बहुतेक प्रकरणं कायद्याच्या पायरीपर्यंत जातच नाहीत. मी बरीच वर्षं परदेशात आहे. शिवी दिली तर सोपं असतं, काय करायचं ते कळतं. त्रास देतात ते गोड आवाजातले प्रश्न.

नोव्हेंबर २०२२ मधलं बकिंगहॅम राजवाड्यातलं आठवतंय? एन्गोझी फुलानी या लंडनमध्येच जन्मलेल्या कार्यकर्त्या. त्यांना लेडी सुझन हसी, वय ८३, राणीच्या कित्येक वर्षांच्या सहकारी, यांनी विचारलं, तुम्ही कुठल्या? संस्थेचं नाव सांगितलं. नाही, तुम्ही कुठल्या? लंडनच्या. नाही, मूळच्या कुठल्या? आफ्रिकेत कुठल्या? असं चालूच. हसीबाईंना दुसऱ्याच दिवशी पद सोडावं लागलं. डिसेंबरात दोघी भेटल्या, बाईंनी समोर बसून माफी मागितली, फुलानींनी स्वीकारली.

हसीबाईंचा हेतू दुष्ट होता असं मलाही वाटत नाही. कुणी पहिल्यांदा 'कुठल्या तुम्ही' विचारतं तेव्हा ती चौकशी असते, मी आनंदानं सांगते. पण उत्तर मिळाल्यावर तोच प्रश्न पुन्हा येतो तेव्हा विचारणाऱ्याला माहिती नको असते, माझं उत्तर चूक आहे असं त्याचं म्हणणं असतं. त्याला स्वतःलाही कदाचित ते कळत नाही. आणि प्रत्येक विचारणाऱ्यासाठी ते पहिल्यांदाच असतं, माझ्यासाठी नसतं. तो निरागस असतो, मी दमलेली असते, आणि दोघंही खरं बोलत असतो.

चेस्टर पियर्स या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं १९७० मध्ये यालाच 'मायक्रोअ‍ॅग्रेशन' म्हटलं. त्या शब्दाचा पुढे फार चोथा झाला, पण त्याला दिसलेली गोष्ट खरी आहे.

टोच्या

भिंगरीताई, 'उत्तर मिळाल्यावर पुन्हा विचारणं' हा निकष आवडला. बाहेरून दिसतो, मनात शिरावं लागत नाही.

पण आता उलट बाजू घ्या. ऑगस्ट २०२०, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ. एक प्राध्यापक ऑनलाइन वर्गात शिकवत होते, की बोलताना माणसं मध्येच निरर्थक शब्द पेरतात, आपण 'म्हणजे', 'हे आपलं' म्हणतो तसे. चिनी लोक 'नेगा, नेगा' म्हणतात असं त्यांनी उच्चारून दाखवलं. तो उच्चार इंग्रजीतल्या कृष्णवर्णीयांसाठीच्या अत्यंत घाणेरड्या शब्दासारखा ऐकू येतो म्हणून काही विद्यार्थ्यांनी तक्रार केली. प्राध्यापकांना तो वर्ग सोडावा लागला, दुसऱ्याला नेमलं.

आता सांगा, 'परिणाम' झाला होता ना? विद्यार्थी दुखावले होते ना? तुमच्या हिशेबानं मग प्राध्यापक दोषी.

आडवाट

माझ्या हिशेबानं अजिबात नाही. इथे हेतूपर्यंत जायचीही गरज नाही. भाषा वेगळी, शब्दाचा अर्थ वेगळा, विषय शिकवण्याचा, उदाहरण नेमकं त्या विषयाचं. संदर्भच सगळं सांगतो. विद्यापीठाच्या चौकशीतही नंतर हेच निघालं: विद्यार्थ्यांची व्यथा प्रामाणिक होती, प्राध्यापकांनी नियम मोडला नव्हता. ही दोन्ही वाक्यं एका निकालात शेजारी शेजारी बसू शकतात, याची आपल्याला सवयच नाही.

टोच्या

निकालात बसतील हो, पण निकाल यायच्या आधी माणूस वर्गाबाहेर होता! लोकांना भीती बसते ती इथे. 'संदर्भ बघू' म्हणणाऱ्या संस्था आधी माणसाला बाजूला करतात आणि मग सावकाश संदर्भ बघत बसतात. असं चार वेळा झालं की सामान्य माणूस 'हेतू, हेतू' करत ओरडणारच. त्याच्याकडे दुसरं असतं काय?

पानगळ

हे मान्य. अगदी मान्य.

सदू_वाचनमात्र

नेहमी नुसता वाचतो, आज लिहितो. तुम्ही कुणी सर्फराझ अहमदचं नाव कसं घेतलं नाही? तुमची सगळी गणितं चुकवणारं प्रकरण आहे ते.

जानेवारी २०१९, डरबन. पाकिस्तानचा कर्णधार सर्फराझ यष्टींमागे, फलंदाजी करतोय दक्षिण आफ्रिकेचा अँडिले फेहलुक्वायो. यष्टींमधल्या मायक्रोफोननं पकडलं, सर्फराझ उर्दूत त्याला 'अबे काले' म्हणून काहीतरी बरळतोय. आयसीसीनं ४ सामन्यांसाठी निलंबित केलं.

आता तुमचे निकष लावा. फेहलुक्वायोला उर्दू येत नाही, म्हणजे त्या क्षणी परिणाम शून्य. हेतू? सर्फराझ म्हणाला, वैतागून बोललो, कुणाला उद्देशून नव्हतं, कुणाला कळावं असाही विचार नव्हता. म्हणजे दुखावण्याचा हेतूही नाही, कारण जे समजणारच नाही त्यानं दुखावणार कसं? परिणाम नाही, हेतू नाही. मग शिक्षा कशाची झाली?

आणि तरी मला ती शिक्षा योग्यच वाटते. का वाटते ते मला सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर सांगा.

आडवाट

सदूभाऊ, तुम्ही वाचनमात्र राहायला नको होतं.

मी प्रयत्न करतो. दुखावण्याचा हेतू आणि हिणवण्याचा हेतू एक नव्हेत. सर्फराझला फेहलुक्वायोला ऐकवायचं नव्हतं हे खरं असेल. पण चिडल्यावर समोरच्याला कमी लेखायला त्याच्या हाताला पटकन लागलं ते काय? त्याचा रंग. ऐकणाऱ्याला कळो न कळो, रंग हीच शिवी म्हणून वापरली गेली. आणि ऐकणारा तो एकटा नव्हताच, माइकमुळे उर्दू-हिंदी समजणारे कोट्यवधी लोक ऐकत होते.

एक तपशील मला फार बोलका वाटतो. समालोचनात माइक हेसमननं शेजारच्या पाकिस्तानी रमीझ राजाला विचारलं, तो काय म्हणतोय? रमीझनं भाषांतर अवघड आहे, लांबलचक वाक्य आहे म्हणून टाळलं. त्याला संदर्भ एका क्षणात कळला होता. नाहीतर सांगायला हरकत काय होती?

कायदेकानू

सदू यांच्या प्रश्नाला जोड म्हणून सुआरेझ-एव्हरा प्रकरण बघा. ऑक्टोबर २०११, लिव्हरपूल विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. लुइस सुआरेझही उरुग्वेचाच. त्यानं कृष्णवर्णीय पॅट्रिस एव्हराला 'नेग्रो', म्हणजे 'काळा', म्हटलं, ८ सामने बंदी आणि ४०,००० पौंड दंड झाला. बचाव ठरलेला: आमच्याकडे हा साधा शब्द आहे.

एफएच्या आयोगानं 'आमच्याकडे असं चालत नाही' म्हणून तो उडवून लावला नाही. लॅटिन अमेरिकेचा अभ्यास असलेले दोन तज्ज्ञ मँचेस्टर विद्यापीठातून बोलावले. त्यांनी सांगितलं, हो, उरुग्वेत हा शब्द निरुपद्रवी असू शकतो, मैत्रीचाही असू शकतो. पण एव्हरा सांगतो तशा बाचाबाचीत, तशा सुरात वापरला असेल, तर तो उरुग्वेतसुद्धा अपमानच समजला जाईल. म्हणजे सुआरेझनं ज्या संदर्भाचा आसरा घेतला त्याच संदर्भानं त्याला दोषी ठरवलं.

आणि गंमत बघा. सुआरेझ वंशद्वेषी आहे असं एफएचं म्हणणं नव्हतं. एव्हरानं साक्षीत तेच सांगितलं, की मला तो वंशद्वेषी वाटत नाही. माणसाचा निवाडा झालाच नाही, त्या दिवशीच्या बोलण्याचा झाला.

टोच्या

हे मला माहीत नव्हतं. त्या निकालानं मी बराच निवळलो. पण मग त्याच न्यायानं कवानीला एवढी शिक्षा का? त्याच्या शब्दाला बाचाबाची नव्हती, आभार होते.

कायदेकानू

योग्य प्रश्न. माझं उत्तर: त्याचा दोष होता तर तो बेफिकिरीचा, आणि बेफिकिरीला समज पुरली असती. कवानीनंही शिक्षा स्वीकारताना स्पष्ट म्हटलं होतं, की इंग्रजी भाषेच्या रीतीभाती मला परक्या आहेत, पण तुमचा दृष्टिकोन मला मान्य नाही.

भिंगरी

पॅरिसचा फुटबॉल सामना राहिला. ८ डिसेंबर २०२०, पीएसजी विरुद्ध इस्तंबूल बाशाकशेहिर. चौथा पंच रोमानियाचा. इस्तंबूलचे सहायक प्रशिक्षक पियर वेबो बाकावरून आरडाओरडा करत होते, ते कोण हे सहकाऱ्याला दाखवताना त्यानं रोमानियन भाषेत 'तो काळा' म्हटलं. रोमानियनमध्ये तो रंगाचा साधा शब्द. दोन्ही संघ मैदान सोडून गेले, सामना दुसऱ्या दिवशी पूर्ण झाला. युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, त्या पंचाला जून २०२१ अखेरपर्यंत निलंबित केलं, पण अयोग्य वर्तनासाठी, वंशद्वेषासाठी नव्हे.

बाकावरच्या डेम्बा बानं तिथल्या तिथे त्याला विचारलं, गोऱ्या माणसाला दाखवताना तू 'तो गोरा' म्हणत नाहीस, 'तो माणूस' म्हणतोस, मग इथेच 'तो काळा' का? यात हेतूचा आरोप नाही, शिवी दिल्याचाही नाही.

टोच्या

बरं, मग मला सांगा, बाकावर सगळे कृष्णवर्णीय आणि एकच गोरा असता तर? त्याला दाखवताना पंच 'तो गोरा'च म्हणाला असता, पैजेवर सांगतो. जो वेगळा दिसतो त्याला माणूस तसाच दाखवतो.

पानगळ

म्हणाला असता. आणि सामना थांबला नसता. तो का थांबला नसता, ते कायदेकानूंच्या त्या 'सर्व परिस्थिती लक्षात घेता'मध्ये आहे. त्या गोऱ्या माणसाला आदल्या आठवड्यात कुठल्या स्टेडियममधून कुणी माकडाचे आवाज काढून दाखवले नसते.